पितरांचं पान : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

गणपती उठले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. तिथी कोणती धरायची, पिंड का फुटतात, कावळा का येत नाही, मुलीने केलं तर चालतं का, अशी विचारणा नागपूरच्या सगळ्या भागांतून होते. यंदा काही पत्रं पितृपक्षाच्या पलीकडची आहेत, तीही घेतली. उत्तरं पौरोहित्य, बौद्ध परंपरा आणि पुरातत्त्व यांतल्या जाणकारांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : वडिलांची तिथी अष्टमी. घरच्या कॅलेंडरात अष्टमी सोमवारी आहे आणि गुरुजी म्हणतात, रविवारी करा. कोणाचं ऐकायचं? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : गुरुजींचं. कॅलेंडरच्या चौकोनात छापलेली तिथी सूर्योदयाच्या वेळची असते. पितृपक्षातल्या श्राद्धाला मात्र अपराह्णातली तिथी धरतात. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळाचे पाच सारखे भाग केले की चौथा भाग अपराह्ण. सप्टेंबरच्या शेवटी नागपुरात सूर्य सकाळी ६.०५ च्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी तेवढ्याच वाजता मावळतो. म्हणजे एकेक भाग २ तास २४ मिनिटांचा आणि अपराह्ण दुपारी १.१७ ते ३.४१ पर्यंतचा. आता समजा अष्टमी रविवारी सकाळी ११.५० ला लागली आणि सोमवारी १०.४० ला संपली. सोमवारचा सूर्योदय अष्टमीत झाला म्हणून कॅलेंडरात ती सोमवारी दिसेल, पण सोमवारी दुपारी दीड वाजता नवमी चालू असेल. अपराह्णात अष्टमी आहे ती रविवारी. दोन्ही दिवशी अपराह्णात तिथीचा थोडा थोडा भाग येत असेल, तर जिथे ती जास्त वेळ आहे तो दिवस घ्यायचा.

नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. तिथी सुरू होण्याची आणि संपण्याची घड्याळातली वेळ देशभर एकच असते, पण आपला सूर्योदय मुंबईच्या सुमारे २५ मिनिटं आधी होतो, त्यामुळे अपराह्णही तेवढाच अलीकडे येतो. मुंबईच्या वेळा धरून केलेल्या पंचांगात तिथी दुपारी १ ते ४ च्या दरम्यान बदलत असेल, तर निर्णय इथल्या सूर्योदयावरून पुन्हा करून घ्यावा. एरवी फरक पडत नाही.

वेळेचंही तसंच. दिवसाच्या १५ मुहूर्तांपैकी आठवा तो कुतुप, म्हणजे या दिवसांत आपल्याकडे ११.४१ ते १२.२९. श्राद्धाला बसायचं ते या सुमारास, म्हणजे पिंडदान आपोआप अपराह्णात येतं. ऑफिसला जायचं म्हणून सकाळी ८ वाजता उरकलेलं श्राद्ध आम्हाला पटत नाही. त्यापेक्षा सर्वपित्रीला, ज्याला आपल्याकडे पितृमोक्ष अमावस्या म्हणतात, अर्धा दिवस सुट्टी काढून नीट करावं.

तिथीच चुकीची धरलेली असते, असंही पुष्कळ घरांत दिसतं. मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख रात्री १२ ला बदलते, तिथी मात्र दिवसा-रात्री केव्हाही बदलू शकते. एखादी तिथी १९ तासांत आटोपते, एखादी २६ तास चालते. म्हणून फक्त तारीख सांगून तिथी काढू नका. प्राण गेला ती वेळ सांगा आणि त्याच वर्षाच्या पंचांगातून काढा. एकदा काढली की महिना, पक्ष आणि तिथी तिन्ही लिहून ठेवा. वर्षश्राद्धाला तिन्ही लागतात. पितृपक्षात करतात त्या श्राद्धाला, म्हणजे महालयाला, तिथी पुरते, मृत्यू शुद्ध पक्षातला असला तरी. सवाष्ण गेलेल्या आईचा महालय अविधवा नवमीला करतात. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांचा चतुर्दशीला.

प्रश्न : दर वर्षी पिंड वळताना फुटतात. तांदूळ चांगला असतो, तरी असं का होतं? प्रमाण सांगा. (महाल)

उत्तर : तांदूळ चांगला असतो म्हणूनच. आपल्याकडे घरोघरी एचएमटी नाहीतर जयश्रीराम असतो. दोन्हींचा भात मोकळा होतो, आणि पिंडाला हवा गिचका भात. त्याच तांदळाचे पिंड होतात, फक्त पाणी वाढवायला हवं. १ वाटी तांदळाला ३ वाट्या पाणी, मीठ नाही, तेल नाही. तांदूळ २० मिनिटं भिजवून उघड्या पातेल्यात शिजवा आणि गरम असतानाच पळीच्या पाठीने घोटा. कोमट झाला की वळायला घ्या. गरम भातातली वाफ पिंडाच्या आत कोंडते आणि दहा मिनिटांनी वरून चिरा पडतात. पार गार झालेला भात बांधतच नाही.

दुसरी चूक तुपाची. बहुतेक जण भात उतरवला की लगेच वरून तूप सोडतात. मग एकेका शितावर तुपाचा थर बसतो आणि शितं एकमेकांना धरत नाहीत. आधी काळे तीळ १ चमचा आणि मध १ चमचा घालून मळा, मग दही नाहीतर दूध चमच्याचमच्याने, भात सैल होणार नाही इतकंच. तूप सगळ्यात शेवटी, तळहाताला लावून. १ वाटी तांदळाचे (सुमारे १५० ग्रॅम) लहान लाडवाएवढे सहा पिंड होतात. फक्त वडील, आजोबा, पणजोबा असे तीन करायचे तर अर्धी वाटी पुरते. महालयात आईकडची, आजोळची आणि इतर आप्तांची नावं धरून बारा-पंधरा पिंड असतील तर अडीच वाट्या घ्या.

पिंड नंतर गाईला द्यावेत किंवा पाण्यात सोडावेत, दोन्हीला शास्त्राची मान्यता आहे. अंबाझरी, फुटाळ्याच्या साचलेल्या पाण्यात मात्र सोडू नयेत. शिजलेलं अन्न तिथे कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं. गाईलाही घासभरच द्या. पितृपक्षात एकेका गाईपुढे वीस घरचा भात, खीर, वडे पडतात. पिठूळ अन्न एकदम पोटात गेलं की तिच्या कोठीपोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं आणि वेळेत उपचार झाला नाही तर गाय दगावते. घासभर पिंड आणि बरोबर हिरव्या चाऱ्याची पेंढी, एवढं पुरे.

प्रश्न : फ्लॅटमध्ये राहतो. पान तासन्‌तास गच्चीवर पडून असतं, कावळा फिरकत नाही. पितर नाराज आहेत असं समजायचं का? शिवाय वड-पिंपळाचं बी कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही आणि भाद्रपदात त्याची अंडी घालायची वेळ असते म्हणून ऋषींनी ही प्रथा घातली, असा मेसेज दर वर्षी येतो. खरं आहे का? (मनीषनगर)

उत्तर : नाराजीचा काहीही संबंध नाही. कावळा पहाटेपासून दहापर्यंत आणि पुन्हा चारनंतर जास्त चरतो. आपण पान ठेवतो ते नेमकं त्याच्या विसाव्याच्या वेळी. शिवाय तो नव्या, चकाकणाऱ्या वस्तूला बिचकतो. स्टीलचं ताट, चांदीच्या वर्खासारखी दिसणारी कागदी पत्रावळ, वर तोंडावर धरलेले मोबाइल, यांतलं काहीही पुरेसं आहे. पळसाची पानं मिळतात, त्यांची साधी पत्रावळ घ्या. कठड्यावर, उघड्यावर ठेवा, शेडखाली नको. ठेवून खाली निघून या. खात्रीचा उपाय म्हणजे तिथीच्या पाच-सहा दिवस आधीपासून त्याच जागी, त्याच वेळी पोळीचा तुकडा ठेवणं. कावळा जागा आणि वेळ दोन्ही पक्की लक्षात ठेवतो. चारपर्यंत वाट पाहून पान गाईला दिलं तरी विधीत उणेपण येत नाही. पान रात्रभर गच्चीवर ठेवू नका, घुशी येतात.

मेसेजमधल्या दोन्ही गोष्टी चूक आहेत. वड-पिंपळाची फळं बुलबुल, मैना, तांबट, धनेश, वटवाघळं आणि आपला राज्यपक्षी हरियालही खातो, आणि त्यांतल्या बहुतेकांकडून बी पसरतं. कावळ्याचा विणीचा हंगाम मुख्यतः एप्रिल ते जुलै, म्हणून तर कोकिळा त्याच काळात त्याच्या घरट्यात अंडी घालते. भाद्रपदापर्यंत पिल्लं उडालेली असतात. काकबळीमागे श्रद्धा आहे. तिला असल्या खोट्या विज्ञानाचा टेकू कशाला द्यायचा?

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. आईबाबांचं मी केलं तर चालेल का? लग्न झालंय, मग गोत्र कुठलं सांगायचं? गुरुजी न मिळाल्यास घरी काय करता येईल? (धरमपेठ)

उत्तर : चालतं. श्राद्धाच्या अधिकाऱ्यांच्या यादीत मुलगी आणि मुलीचा मुलगा दोन्ही आहेत. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने तर स्त्रियांना पौरोहित्य शिकवून हे विधी कधीचे सुरू केले आहेत. अडवणारं शास्त्र नसतं, बहुतेक वेळा भावकी असते. गुरुजींना आधीच फोनवर स्पष्ट विचारा, म्हणजे ऐन दिवशी खोळंबा होत नाही.

गोत्र उच्चारायचं ते ज्यांचं नाव घेता त्यांचं. बाबांसाठी बाबांचं, सासऱ्यांसाठी सासरचं. माहीतच नसेल तर काश्यप म्हणण्याची रीत आहे.

गुरुजी नसतील तर तिलतर्पण करावं, ते कोणालाही जमतं. दक्षिणेकडे तोंड करून बसा. पुढे ताम्हन, तांब्यात पाणी, वाटीत काळे तीळ. दर्भाचं पवित्रक उजव्या अनामिकेत. जानवं असलेले ते उजव्या खांद्यावर घेतात, तुम्ही उपरणं किंवा ओढणी तशी घ्या. उजव्या तळहातावर चिमूटभर तीळ आणि पाणी घेऊन अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून ताम्हनात सोडा. देवाला सोडतो तसं बोटांच्या टोकांवरून सोडायचं नाही, इथेच बहुतेकांची चूक होते. वडिलांना वसुरूप, आजोबांना रुद्ररूप, पणजोबांना आदित्यरूप म्हणतात. नाव, गोत्र, रूप उच्चारून ‘स्वधा नमस्तर्पयामि’ म्हणत प्रत्येकाला तीन वेळा पाणी द्या. आई, आजी, पणजीलाही तसंच. दहा मिनिटांत होतं. यात नाव चुकू नये एवढंच आमचं मागणं आहे. बऱ्याच घरांत पणजीचं नाव कोणालाच ठाऊक नसतं. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ याच आठवड्यात बसा आणि दोन्ही बाजूंची सहा-सहा नावं लिहून घ्या. गयेला किंवा नाशिकला घरातले कोणी गेले असतील, तर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनावावरून नोंद सापडू शकते.

प्रश्न : आम्ही बौद्ध. वडिलांच्या पहिल्या स्मृतिदिनाला पान ठेवा, असा शेजाऱ्यांचा आणि आमच्या आत्याचाही आग्रह आहे. आम्हाला ते करायचं नाही, पण वडिलांसाठी काहीतरी नीट व्हावं असं वाटतं. (इंदोरा)

उत्तर : तुमचा निर्णय स्पष्ट पायावर उभा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी सहावी श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची आहे. आत्याबाईंना तेवढं सांगा. आणि बौद्ध परंपरेत गेलेल्यांसाठी करण्यासारखं पुष्कळ आहे हेही सांगा. आपण दिलेल्या दानाचं पुण्य गेलेल्यांना वाटणं, त्याला पुण्यानुमोदन म्हणतात.

वेळ सकाळची ठेवा. भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नाहीत, त्यामुळे भोजनदान द्यायचं तर कार्यक्रम ९.३० ला सुरू होऊन ११ ला पानं वाढली गेली पाहिजेत. पाहुण्यांच्या सोयीने दुपारी १ ची वेळ देणं ही नेहमीची चूक. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा वर, वडिलांचा फोटो थोडा खाली, शेजारी. मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं. त्रिसरण, पंचशील, मग परित्राण पाठ, म्हणजे रक्षणासाठीच्या सुत्तांचं पठण. त्यानंतर भिक्खूसंघाला भोजन किंवा चीवर (भिक्खूंचं वस्त्र), किंवा वडिलांच्या नावे विद्यार्थ्यांना वह्या-पुस्तकं. दान आधी झालं पाहिजे, कारण पुढे वाटायचं आहे ते या दानाचं पुण्य.

मग पाणी ओतण्याचा विधी. अरुंद तोंडाचा तांब्या, खाली लहान वाटी आणि वाटीखाली खोल ताट. घरचे सगळे तांब्याला किंवा एकमेकांच्या हाताला हात लावतात आणि गाथा चालू असताना बारीक धार धरतात. वाटी भरून पाणी ताटात सांडलं पाहिजे. म्हणून वाटी मोठी घेऊ नका आणि तांब्या एकदम उपडा करू नका, गाथा संपेपर्यंत धार पुरली पाहिजे. तिरोकुड्ड सुत्तातली गाथा अशी : ‘यथा वारिवहा पूरा परिपूरेन्ति सागरं, एवमेव इतो दिन्नं पेतानं उपकप्पति.’ भरलेल्या नद्या जशा समुद्र भरतात, तसं इथे दिलेलं गेलेल्यांना पोचतं. राजा बिंबिसाराने आपल्या गेलेल्या नातलगांसाठी दान दिलं त्या प्रसंगी बुद्धाने हे सुत्त सांगितलं, असं अट्ठकथेत, म्हणजे सुत्तांवरच्या जुन्या पाली टीकेत, येतं. ते पाणी शेवटी झाडाच्या बुंध्याशी घाला.

शेजाऱ्यांना या जेवणाला जरूर बोलवा. काय करता ते डोळ्यांनी पाहिलं की आग्रह आपोआप थांबतो.

प्रश्न : मुलगा ओसाकाला नोकरीला आहे. ऑगस्टमध्ये ओबोनला, म्हणजे तिकडच्या पितरांच्या सणाला, सहकाऱ्याच्या गावी घरी बोलावलं आहे. तिकडेही पितर जेवायला येतात का? त्याने काय सांभाळावं? आणि आपण तीनच पिढ्यांची नावं का घेतो? (बजाजनगर)

उत्तर : येतात, आणि ते कसे येतात हे ऐकलं तर तुम्हाला परकं वाटणार नाही. ओबोनची कथा महामोग्गल्लानाची आहे. बुद्धाच्या या शिष्याला दिव्यदृष्टीने आपली आई प्रेतयोनीत उपाशी दिसली. त्याने अन्न दिलं तर ते तिच्या तोंडाशी जाताच पेटलं. बुद्धाने सांगितलं, वर्षावास (पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहतात तो काळ) संपताना संघाला दान दे. म्हणजे वरच्या उत्तरातलंच पुण्यानुमोदन चीनमार्गे जपानला गेलं आणि तिथल्या पूर्वजपूजेत मिसळलं. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर जपानी बौद्धांच्या मदतीने उभं राहिलं, तेव्हा हे नातं नागपूरकरांना नवीन नाही.

बहुतेक जपानात ओबोन १३ ते १६ ऑगस्ट (टोकियोत पुष्कळ ठिकाणी जुलैत). १३ च्या संध्याकाळी दारात मातीच्या ताटलीत तागासारख्या झाडाच्या सोललेल्या काड्या पेटवतात, तो पितरांना घराची वाट दाखवणारा विस्तव. काकडीला चार काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. यायचं घोड्यावरून लवकर, परतायचं गाईवरून सावकाश. १६ ला निरोपाचा विस्तव. क्योतोत त्या रात्री पाच डोंगरांवर मोठाल्या आगी पेटवतात.

मुलाला एवढं सांगा : घरातल्या बुत्सुदान नावाच्या देव्हाऱ्यासमोर आधी नमस्कार, मग गप्पा. उदबत्ती पेटवल्यावर ज्योत तोंडाने फुंकू नये, हाताने वारा घालावा, आपल्यासारखंच. किती काड्या लावायच्या ते पंथाप्रमाणे बदलतं, यजमान करतात ते पाहून करावं. जेवताना चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नयेत. तसा भात फक्त मृतांना देतात, आणि जेवणाच्या पानावर ते दिसणं घरच्यांना फार खटकतं.

आता तीन पिढ्या. आपल्या शास्त्राप्रमाणे पिंड मिळतो तो वडील, आजोबा, पणजोबा यांना. त्यांच्या वरच्या तिघांना पिंड वळून हाताला राहिलेला लेप दर्भाला पुसतात तेवढाच, म्हणून ते लेपभाज, लेपाचे वाटेकरी. देणारा धरून सात पिढ्या झाल्या, हेच सापिंड्य, म्हणजे पिंडाचं नातं. कोणी गेलं की सपिंडीकरणात, जे पूर्वी वर्षाने करत आणि आता बहुधा बाराव्या दिवशी होतं, त्याच्या पिंडाचे तीन भाग करून वरच्या तिघांच्या पिंडांत मिसळतात. त्या क्षणी रांग एकेक घर पुढे सरकते आणि पणजोबांच्या जागी असलेले लेपभाजांत जातात. ज्यांना पाहिलेलं किंवा ज्यांच्याबद्दल पाहिलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं आहे त्यांचं नाव, आणि त्यापुढच्यांचं ‘समस्त पितर’ म्हणून स्मरण, अशी ही वाटणी आहे. आम्हाला ती फार समजूतदार वाटते.

इतरांनीही अशीच रेघ ओढली आहे, थोडी अलीकडे-पलीकडे. कोरियात परंपरेने चार पिढ्यांचं करतात. तिथे पान मांडण्याचे नियम आपल्यापेक्षा कडक आहेत : लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, मासे पूर्वेला, मांस पश्चिमेला, आणि भात-सूपची जागा जिवंत माणसाच्या पानाच्या उलट. लसूण आणि लाल मिरची त्या दिवशी वर्ज्य, हे वाचून आपल्या सुगरणींना आश्चर्य वाटेल. जपानात पहिलं, तिसरं, सातवं, तेरावं असं करत पुष्कळ घरी तेहतिसाव्या वर्षी थांबतात. मग तो माणूस वेगळा न राहता कुळाच्या पितरांत मिळाला असं मानतात. (मृत्यूचं वर्षही मोजतात, म्हणून ‘तिसरं’ दोनच वर्षांनी येतं.) व्हिएतनाममध्ये मृत्युदिन आजही चांद्र तारखेनेच पाळतात, म्हणजे तिथीनेच.

मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला, पहिल्या दिवशी लहान मुलांना आणि दुसऱ्या दिवशी मोठ्यांना बोलावतात. फोटो, पाणी, मीठ, गोड पाव, धूप, आणि कबरीपासून दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट. झेंडू मूळचा तिकडचाच. तिथे तो मृतांना वाट दाखवतो, आपल्याकडे तो दसऱ्याच्या तोरणात जातो आणि श्राद्धाला पांढरी फुलं लागतात. पारशी मंडळी वर्षअखेरीच्या दहा मुक्ताद दिवसांत घरच्या मृतांच्या नावाने फुलदाणी मांडतात, मोमिनपुऱ्याच्या कब्रस्तानात शब-ए-बरातच्या रात्री लोक फातिहा वाचायला जातात, आणि २ नोव्हेंबरला ख्रिस्ती कबरींवर मेणबत्त्या लागतात. सगळीकडे बोलावणं आहे, काहीतरी देणं आहे आणि निरोप आहे.

प्रश्न : शाळेची सहल जुनापाणीला न्यायची आहे. तिथली दगडी वर्तुळं ही पूर्वजांची पूजास्थानं आहेत, असं मुलांना सांगितलं तर बरोबर होईल का? (काटोल रोड)

उत्तर : ‘दफनस्थळं’ म्हणा, ‘पूजास्थानं’ म्हणायला पुरावा हवा. नागपूरच्या वायव्येला, काटोल रस्त्यालगत असलेल्या जुनापाणीत अशी सुमारे ३०० वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ च्या सुमारास इथे खोदकाम करून त्यांची माहिती प्रसिद्ध केली. काळ लोहयुगाचा, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला. मोठमोठे धोंडे गोल मांडायचे आणि मधे माती-मुरुमाचा उंचवटा. काही धोंड्यांवर ओळीत कोरलेले वाटीसारखे खळगे दिसतात, मुलांना ते शोधायला सांगा.

जवळच्या माहुरझरीच्या उत्खननात मृतांबरोबर लोखंडी हत्यारं, मातीची भांडी, मणी, आणि घोड्याची हाडं तांब्याच्या अलंकारांसह मिळाली. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. म्हणजे हत्यार घडवायला लागणारे कष्ट माहीत असलेल्या लोकांनी ते मृताबरोबर पुरलं. त्यांना मृताबद्दल किती वाटत होतं, हे यातून मुलांना समजेल. गडचिरोलीकडचे माडिया आजही मृतांच्या स्मृतीसाठी उभे दगड लावतात, तेही सांगा. पण त्या रूढीचा आणि या वर्तुळांचा थेट वारसा जोडू नका, मधे दोन हजारांहून अधिक वर्षं आहेत.

स्थळ संरक्षित आहे. दगडावर चढणं, खडूने खळगे रंगवणं, खापरं उचलून नेणं मुलांना आधीच मना करा. खापर जागेवरून हललं की त्याचा अर्थ गेला. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं असतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत, सकाळच्या तिरप्या उन्हात जावं. खळगे तेव्हाच स्पष्ट दिसतात.

प्रश्न : सुतकामुळे पितृपक्ष हुकला. आता वर्षभर थांबायचं का? (सक्करदरा)

उत्तर : नाही. सूर्य वृश्चिक राशीत जाईपर्यंत, म्हणजे साधारण १५-१६ नोव्हेंबरपर्यंत महालय करता येतो. पंचांगात ‘महालय समाप्ती’ छापलेली असते ती हीच. तोही काळ हुकला तर अक्षय तृतीया आहे. आपल्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात, चिंचवणी, वडे आणि पुरणाचं पान करतात, डांगर आणि आंबा ठेवतात. घागर त्याच सकाळी विकत आणून लगेच भरू नका, नवी माती पाणी ओढते आणि पाटावर ओल पसरते. आदल्या रात्री बादलीत बुडवून ठेवा, सकाळी तळाला बोट फिरवून पाझर पाहा, मगच पूजेला घ्या.